माळ्यावरच्या कॉमिक्सचा भाव कसा ओळखावा

महोदय,

सुपरमॅनची पहिली गोष्ट ज्यात आली त्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकली गेली. अशी बातमी छापून आली की पुढच्या रविवारी लोक माळे साफ करायला काढतात. खाली येते ते मात्र निराळेच: आर्चीचे डायजेस्ट, रिची रिच, कॅस्पर, डोनाल्ड डक, ‘टिंकल’चे गठ्ठे, चाचा चौधरी. थोडक्यात, मुलांची विनोदी कॉमिक्स. त्यांना सुपरहिरोंचा हिशेब लावून आधी लाखांची स्वप्ने पाहिली जातात आणि पहिल्याच दुकानदाराने ‘किलोवर घेतो’ म्हटले की तोच गठ्ठा रद्दीत जातो. त्यात एखाददुसरा खरोखर मोलाचा अंक असला तर तोही जातो. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

विनोदी कॉमिक्सना मोठा भाव मिळतच नाही असे नाही. ‘आर्ची कॉमिक्स’च्या पहिल्या, १९४२च्या अंकाची एक प्रत २०११ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात १,६७,३०० डॉलरला गेली. हा आकडा असा अडनिडा का, तर शेवटची बोली होती १,४०,००० आणि तिच्यावर लिलावगृहाचे साडेएकोणीस टक्के. खरेदीदार बोलीवर जी दलाली भरतो ती बातमीतल्या आकड्यात धरलेली असते. विकणाऱ्याच्या हातात बोलीची रक्कमच येते, आणि बहुतेकदा तिच्यातूनही काही कापले जाते. ब्रिटनमध्ये, स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन कंपनीचा ‘द डँडी’ ४ डिसेंबर १९३७ला आणि ‘द बीनो’ ३० जुलै १९३८ला निघाला, दोन्हींची किंमत दोन पेनी. २००४ मध्ये ‘बीनो’चा पहिला अंक १२,१०० पौंडांना गेला, तर ‘डँडी’चा २०,३५० पौंडांना. ‘डँडी’च्या त्या प्रतीसोबत अंकाबरोबर फुकट वाटलेली पत्र्याची शिट्टी शाबूत होती. शिट्टी पोराने वाजवून हरवायचीच वस्तू, म्हणून तर ती टिकल्याचे एवढे मोल.

या बाजाराची किल्ली त्या शिट्टीतच आहे. अंक किती जुना, हे इथे फार मागून येते. डेल कंपनीचे ‘वॉल्ट डिस्नीज कॉमिक्स अँड स्टोरीज’ ऑक्टोबर १९४०ला सुरू झाले आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा खप महिन्याला ३० लाखांवर होता. इतक्या प्रती निघालेला अंक दुर्मीळ कसा? फाटका, मळका हवा असेल तर दुर्मीळ नाहीच. सत्तर वर्षांपूर्वीचा अंकही त्या अवस्थेत किरकोळ पैशांत मिळतो. पण हे अंक सात-आठ वर्षांच्या पोरांनी जमिनीवर पालथे पडून वाचले, कोडी पेनाने सोडवली, जाहिरातीतली कुपने कापून पाठवली. आर्चीच्याच कंपनीच्या ‘केटी कीन’मध्ये कागदी बाहुल्या आणि त्यांचे कपडे कापायलाच दिलेले असत. म्हणजे अंक नीट वापरला की तो खराब झालाच पाहिजे. सुपरहिरोंचे अंक पुढे थोराड मुलांनी साठवून ठेवले, ही चिमुकल्यांची कॉमिक्स कुणी साठवली नाहीत. त्यामुळे लखलखीत प्रत आणि वाचून जीर्ण झालेली प्रत यांच्या भावात दहा-वीस पटींचा फरक सर्रास असतो, जुन्या मोक्याच्या अंकांत त्याहून जास्त.

तेव्हा आधी प्रत तपासायची. हात धुऊन, कोरडे करून, टेबलावर स्वच्छ कापड घालून, खिडकीतला तिरपा उजेड अंकावर पडेल असे बसावे. पहिल्यांदा कणा, म्हणजे घडीची बाजू. पिनांच्या आसपास आडव्या बारीक रेघा दिसतात. तिथे शाई तुटून पांढरा कागद दिसत असेल तर दर्जा बराच खाली येतो, नुसती वळी असेल तर कमी. मग चारी कोपरे, मग मुखपृष्ठ पिनांवर घट्ट आहे की एका पिनेवर लोंबते आहे. त्यानंतर पाने मोजायची. अमेरिकी कॉमिक्स १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला कव्हरसह ६८ पानांची, पुढे ५२ आणि १९५०च्या दशकाच्या मध्यापासून बहुधा ३६ पानांची. मोजणी जुळली नाही तर बहुतेकदा मधला जोडकागद गेलेला असतो. पिना सैल झाल्या की सर्वांत आधी तोच निसटतो आणि गोष्ट तुटली तरी चाळताना लक्षात येत नाही. एक जोडकागद म्हणजे चार पाने. तो नसेल तर अंक ‘अपुरा’ ठरतो आणि बाहेरून कितीही देखणा असला तरी भाव कोसळतो. शेवटी पानांचा रंग. पांढरा, मळकट पांढरा, सायीसारखा, बदामी अशी उतरण असते. सर्वांत खाली येतो तो पानाचा कोपरा दुमडताच तुकडा पडणारा कागद. त्याला दुरुस्ती नाही, आणि खरे आहे का हे पाहायला कोपरा दुमडूनही बघू नये. पानाच्या कडेचा भुगा पिशवीच्या तळाला जमलेला असतो, तेवढा पुरावा पुरतो.

डिस्नीच्या अंकांत आणखी एक खूण हमखास भेटते. मधोमध उभी घडी. अमेरिकेत वर्गणीदारांना हे अंक दुमडून टपालाने जात. घडी जुनी आणि मूळची असली तरी ती दोषातच धरली जाते. विकणारा ‘ही तर कंपनीचीच घडी’ असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, पण त्याने भाव वाढत नाही.

आता अंक ओळखण्याबद्दल, कारण खरी गफलत इथे होते. डिस्नीच्या कंजूष बदकाचा, अंकल स्क्रूजचा, ‘नंबर १’ छापलेला जुना अंक शोधत लोक वर्षे घालवतात. तसा अंकच नाही. डेलची ‘फोर कलर’ नावाची एक मालिका होती, १९६२पर्यंत तिचे तेराशेवर अंक निघाले आणि प्रत्येक अंकात वेगळे पात्र. स्क्रूज पहिल्यांदा आला तो तिच्या १७८व्या अंकातल्या डोनाल्डच्या नाताळच्या गोष्टीत, डिसेंबर १९४७ मध्ये. त्याच्या नावाचा पहिला अंक म्हणून जो ओळखला जातो तो ‘फोर कलर’चा ३८६वा, मार्च १९५२चा. पुढचे दोन ४५६ आणि ४९५. त्यानंतर स्वतंत्र मालिका एकदम ‘४’ क्रमांकाने सुरू झाली. कव्हरवर ३८६ पाहून ‘हा तर मधलाच कुठला तरी’ म्हणत बाजूला टाकणारे भेटतात, म्हणून एवढे सविस्तर. रिची रिचचेही तसेच. त्याच्या नावाचा पहिला अंक नोव्हेंबर १९६०चा, पण तो पोरगा आधीच, सप्टेंबर १९५३च्या ‘लिटल डॉट’च्या पहिल्या अंकात येऊन गेला होता. रिची रिच काढणाऱ्या हार्वी कंपनीच्या विनोदी कॉमिक्समध्ये सर्वांत जास्त मागणी असलेल्यांपैकी ‘लिटल डॉट’चा हा अंक एक, आणि त्याच्या कव्हरवर मिरवते ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी.

साल बघायला मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचा किंवा पहिल्या पानाच्या तळाचा बारीक मजकूर वाचावा. तिथले कॉपीराइटचे साल मूळ गोष्टीचे असू शकते, अंकाचे नव्हे; पुनर्मुद्रणात जुनेच साल राहते. डेलनंतर डिस्नीची कॉमिक्स काढणाऱ्या गोल्ड की कंपनीच्या, म्हणजे १९६२ नंतरच्या अंकांना एक सोपी युक्ती आहे: कव्हरवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे. ‘८०३’ असेल तर ८ हा वर्षाचा शेवटचा अंक आणि ०३ म्हणजे मार्च, अर्थात मार्च १९६८. दशक मात्र किमतीवरून ताडावे लागते.

डेलच्या अंकावर कॉमिक्स कोडचा, म्हणजे मुलांना अयोग्य मजकूर गाळायला प्रकाशकांनी १९५४ला केलेल्या नियमावलीचा, शिक्का नाही म्हणून तो १९५४ आधीचा, असेही ठोकून दिले जाते. डेल त्या कोडमध्ये कधी सामीलच झाली नाही. ‘डेल कॉमिक्स आर गुड कॉमिक्स’ अशी पालकांना स्वतःचीच हमी छापून ती मोकळी झाली. त्यामुळे शिक्का नसण्यावरून डेलच्या अंकाचे साल अजिबात ठरत नाही.

जुने तेच महाग, या समजाला छेद देणारे उदाहरणही याच घराण्यातले. गोल्ड कीचेच अंक व्हिटमनच्या छापाने खेळण्यांच्या आणि इतर मोठ्या दुकानांत तीन-तीनच्या बंद पिशव्यांतून विकले जात. १९८०च्या उत्तरार्धातले काही अंक फक्त असे पिशवीतूनच आणि फार थोडे बाहेर पडले. त्यांतला ‘अंकल स्क्रूज’चा १७९वा अंक जाणकार आजही शोधत असतात. त्याच्या आधीचे कित्येक साठ-सत्तरच्या दशकांतले अंक भावात त्याच्या जवळपासही येत नाहीत.

उलटा प्रकारही आहे. हार्वी आणि डेल-वेस्टर्न (वेस्टर्न ही डेलचे अंक तयार करणारी) या कंपन्यांनी स्वतःकडे ठेवलेल्या प्रती पुढे गठ्ठ्यांनी बाजारात आल्या. त्या न वाचलेल्या, कोऱ्या. दर्जाची चिठ्ठी देणाऱ्या संस्था त्यांना ‘फाइल कॉपी’ अशी नोंद देतात. एखादा साठच्या दशकातला कॅस्पर इतका स्वच्छ कसा, याचे उत्तर पुष्कळदा हेच असते. नवख्याला ती प्रत एकमेव वाटते आणि तो त्या हिशेबाने पैसे मोजतो.

मागणीचे बोलायचे तर विनोदी कॉमिक्सचा खरेदीदार हा मुख्यतः आपले बालपण परत विकत घेणारा माणूस. सुपरहिरोंना चित्रपट दर पिढीला नवे गिऱ्हाईक आणून देतात. रिची रिचवर १९९४ला आणि कॅस्परवर १९९५ला चित्रपट आले, पण त्यांनी तशी नवी पिढी उभी केली नाही. हार्वीने नवे अंक काढणे १९८२लाच एकदा थांबवले होते. ज्यांनी ही कॉमिक्स पन्नास-साठच्या दशकांत दहा-बारा सेंटना घेतली ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ती घेण्याऐवजी विकायच्या वयाला आली आहेत. म्हणून मधल्या दर्जाच्या, मधल्या क्रमांकांच्या अंकांना उठाव कमी आहे आणि तो वाढेल असे धरून पैसे गुंतवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. पहिले अंक, पहिली दर्शने आणि अत्युत्तम प्रती मात्र टिकून आहेत, कारण तिथे बालपणाखेरीज इतिहास गोळा करणारेही बोली लावतात.

डिस्नीच्या बदकांचा चित्रकार कार्ल बार्क्स हा ठळक अपवाद. ‘वॉल्ट डिस्नीज कॉमिक्स अँड स्टोरीज’च्या एप्रिल १९४३च्या ३१व्या अंकापासून त्याने डोनाल्डच्या दहा-दहा पानी गोष्टी काढल्या, स्क्रूज त्याचाच. अंकावर नाव छापायची पद्धत नव्हती, तरी पोरांनी ‘चांगली बदके काढणारा’ हात वर्षानुवर्षे बरोबर ओळखला. जर्मनी, नेदरलँड्स आणि उत्तर युरोपात ही बदके अमेरिकेहून जास्त वाचली जातात, त्यामुळे गिऱ्हाईक एका देशावर आणि एका पिढीवर अवलंबून नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘डक टेल्स’ पाहिलेली मुले आता चाळिशीत कमावती आहेत, आणि स्क्रूजचे अंक विचारणाऱ्यांत तीच जास्त दिसतात. ‘लिटल लुलू’ या मुलीच्या कॉमिक्सचा लेखक जॉन स्टॅनली यालाही असा दर्दी वाचक आहे, पण आपल्याकडे ती मुलगी फारशी पोचलीच नाही.

भारतातल्या प्रतींचे दुखणे वेगळे. इथली आयात कॉमिक्स बहुतेक लायब्ररीतून फिरलेली. जांभळा शिक्का मुखपृष्ठावर, दुसरा मधल्या पानावर, परत करायच्या तारखांची चिठ्ठी डिंकाने चिकटवलेली. त्याहून वाईट म्हणजे बाइंडिंग. पाच-सहा अंक एकत्र शिवायचे, मग कटिंग मशीनवर तीन बाजू साफ करायच्या. कडा कापलेला अंक संग्राहकाच्या लेखी छाटलेलाच आणि ती छाट परत येत नाही. अंकाची रुंदी मोजली की फसवणूक लगेच उघडी पडते, विशेषतः कव्हरवरच्या चौकटीची एक बाजू जाड आणि दुसरी नाहीशी असेल तर. आर्चीचे डायजेस्ट इतक्या संख्येने इथे आले आणि इतक्यांदा पुन्हा छापले गेले, की त्यांचा भाव वाचायला घेणाराच ठरवतो. माटुंग्याच्या किंवा फोर्टच्या पदपथावर जो मिळेल तो खरा भाव.

आपल्या स्वतःच्या विनोदी कॉमिक्सचा बाजार लहान, पण जिवंत आहे. प्राण यांचा चाचा चौधरी आधी ‘लोटपोट’मध्ये आणि नंतर डायमंड कॉमिक्समधून आला. डायमंडच्या पुस्तकांवर आवृत्तीची नोंद पुष्कळदा मिळत नाही, म्हणून छापील किंमत, प्रकाशकाचा पत्ता आणि मलपृष्ठावरची ‘इतर कॉमिक्स’ची यादी यांवरून छपाईचा काळ काढावा लागतो. यादीत नंतरची पुस्तके असतील तर प्रत नंतरचीच. मूळ किमतीवर नवी चिकटी असेल तर ती उपटू नये, उजेडासमोर धरून वाचावी. ‘टिंकल’ १९८०चे, अनंत पै यांचे. सुप्पंडी आणि शिकारी शंभू दोघेही १९८३ मध्ये आले. सुप्पंडी राम वाईरकरांच्या हातचा, शंभू वसंत हळबे यांच्या. दोन मराठी चित्रकारांची ही पोरे देशभर पोचली, तरी त्या वर्षाचे सुटे, न बांधलेले, पिना न गंजलेले अंक मिळवायला जीव मेटाकुटीला येतो. घरोघरी ‘टिंकल’ वर्षावर्षाचे बांधून ठेवले गेले, तेही अंक जपायच्या चांगल्या हेतूनेच. बांधलेला खंड वाचायला सोन्यासारखा आहे, उसवून सुटे अंक म्हणून विकायला जाऊ नये. शिलाईची भोके लपत नाहीत. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ला, म्हणजे १९६४ ते १९९०च्या वेताळ-मँड्रेकला, इथे विनोदी कॉमिक्सहून जास्त मागणी आहे, पण तो विषय वेगळा.

हा कागद लाकडाच्या लगद्याचा, आत लिग्निन. उजेड, उष्णता आणि दमट हवा मिळाली की त्यात आम्ल तयार होते आणि पान पिवळे पडत ठिसूळ होते. कोकणपट्टीत पावसाळ्यात पिना गंजतात, गंज कागदात उतरतो, तो डाग जात नाही. गंजलेली पिन काढून नवी मारू नका. बदललेली पिन परीक्षक ओळखतो आणि अंकाला दुरुस्त केलेला ठरवतो. सेलोटेपचे तर नावच नको: तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो, वरची पट्टी गळून पडते आणि डाग कायम राहतो. लॅमिनेशन, खाकी कव्हर, फाटलेल्या कडेला स्केचपेनने रंग हे सगळे त्याच जातीचे. रंग लावलेल्या प्रतीचा भाव न लावलेल्या फाटक्या प्रतीपेक्षाही कमी येतो.

ठेवायचे तर पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा. वहीच्या कव्हराचे मऊ, वास येणारे पीव्हीसी वापरले तर शाई त्याला चिकटते. १९४०च्या दशकातल्या रुंद अंकांना पावणेआठ बाय साडेदहा इंची पिशवी लागते. नंतरच्या अंकांना सव्वासात इंचाहून किंचित अरुंद पुरते. घट्ट पिशवीत कोंबताना कोपरे मोडतात, हा सर्वांत सामान्य अपघात. अंक पेटीत उभे, अगदी गच्च नाहीत आणि कलंडतील इतके सैलही नाहीत. पेटी जमिनीपासून फूटभर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. सिलिका जेलच्या पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून किंवा बदलून टाकाव्यात. डांबरगोळ्यांचा वास कागदात बसतो, तो पिशवी उघडताच खरेदीदाराच्या नाकात जातो.

विकताना दुकानदाराची मागणी आणि झालेली विक्री यांत गल्लत करू नये. ‘ईबे’वर कुणीही कितीही किंमत लिहू शकतो. तिथे विक्री झालेल्या वस्तू वेगळ्या दाखवायची सोय आहे, तेवढ्याच बघाव्यात, आणि आपल्या प्रतीच्या दर्जाच्याच. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सीजीसी ही संस्था २०००पासून ०.५ ते १० अशा मापाने दर्जा ठरवून अंक प्लास्टिकच्या बंद डबीत घालून देते. इथून पाठवण्या-आणण्याचा, विम्याचा आणि शुल्काचा खर्च धरला तर अंकाची अपेक्षित किंमत त्या खर्चाच्या चौपट-पाचपट असल्याखेरीज त्या भानगडीत पडू नये. बाकीच्यांसाठी सहा नीट फोटो पुरतात: पुढचे कव्हर, मागचे कव्हर, कणा, पिनांसह मधला जोडकागद, बारीक मजकुराचे पान आणि जिथे दोष आहे तिथला जवळून एक. दोष आपणहून दाखवला की घासाघीस कमी होते. ऑनलाइन सौद्यात ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ असे म्हणणारा भेटला तर तिथेच थांबावे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही.

आपल्याला एक विनंती. लिलावाची बातमी छापताना आकड्याशेजारी प्रतीचा दर्जाही छापावा आणि खरेदीदाराची दलाली धरली आहे की नाही तेही. नुसता आकडा वाचून माळ्यावर चढलेला माणूस खाली उतरताना पहिली गोष्ट करतो ती म्हणजे फाटक्या कव्हराला चिकटपट्टी लावतो.

आपला,
एक संग्राहक, दादर